दोन दारांसमोरचं टेबल

११ एप्रिल २०१६
ऑर्मंड, नॉर्थ कॅरोलिना

प्रिय एमेट,

पाकिटावर हेच नाव घातलंय. दुसरं नाव दिसलं तर न उघडता केराच्या टोपलीत टाकेन, असं तू नाताळच्या कार्डात बजावलं होतंस, म्हणून. माझ्या वडिलांचं नाव तू मला न विचारता उचललंस याचा राग अजून गेलेला नाही. पण आज तो काढत बसत नाही. आज काम आहे.

आमच्याकडे चौकशी लागली आहे. देशभरातल्या कॉलेजांचे खेळ जी संघटना चालवते, तिची दोन माणसं येऊन लायब्ररीतल्या खोलीत बसली आहेत. एक बाई, एक गृहस्थ. एकेकाला बोलावतात. खेळाडूंना भूगोल विभागातून वर्गाऐवजी नुसता एक पेपर लिहायचे जे ‘स्वतंत्र अभ्यास’ दिले जातात, त्यांना शिकवणारं खरंच कुणी होतं का, हे त्यांना हवंय. मला विचारशील तर मी तिथली कारकून. समोर येईल ते टाइप करते. कोण शिकवतं आणि कोण शिकतं हे बघायचं काम माझं नाही.

अडचण तुझी आहे. तू शेवटच्या वर्षाला असताना आमच्याच ऑफिसात खेळाडूंच्या शिकवण्या घेत होतास आणि डीनकडे तक्रार दिली होतीस, ती तक्रार त्यांना जुन्या फायलीत सापडली आहे. ते तुझा पत्ता मागतायत. मी दिलेला नाही. मिनेसोटात एवढ्या लांब तू सुखात आहेस, कशाला यात पडतोस? फोन आला तर उचलू नकोस. पत्र आलं तर परत पाठव. एवढं माझ्यासाठी कर.

दुसरं म्हणजे तो कायदा. तुमच्याकडे बातमी आलीच असेल. सरकारी इमारतीत ज्यानं त्यानं जन्मदाखल्यावर जे लिंग लिहिलंय त्याच बाथरूममध्ये जायचं. आपलं कॉलेज सरकारी. आणि माझं टेबल तुला आठवतच असेल, बरोबर दोन दारांसमोर. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. तेरा वर्षं मी त्या दारांकडे पाठ करून बसायचा प्रयत्न करतेय, पण प्लग दुसऱ्या भिंतीत नाही. परवा आमचे साहेब, खेळाडूंच्या अभ्यासाचं बघणारे रॉइस हॅटली, येऊन म्हणाले, “आयरिस, तू इथे बसतेसच, तर जरा लक्ष ठेव.”

मी म्हटलं, “लक्ष ठेवू म्हणजे नक्की काय बघू?”

कानापर्यंत लाल झाले आणि कॉफी आणायला निघून गेले.

थंडी असेल ना तिकडे अजून? पायात नीट मोजे घालत जा.

तुझी मम्मा


२ मे

प्रिय एमेट,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

त्यांनी तुला गाठलं का? एका शब्दाचं कार्ड टाक. ‘नाही’ एवढंच लिही. मला झोप लागत नाही असं नाही, पण लागली की स्वप्नात फायली दिसतात.

गेल्या गुरुवारी ऑफिसात जरासा गैरसमज झाला. विशेष काही नाही. एका विद्यार्थिनीला मी बाथरूमपाशी ओळखपत्र विचारलं, तिनं दाखवलं, विषय संपला. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळू नये म्हणून लिहितेय. विद्यार्थ्यांच्या पेपरात काहीतरी छापून येणार आहे म्हणतात. त्या पोरांना परीक्षेच्या दिवसांत दुसरा धंदा नाही.

चौकशीवाल्यांनी मलाही वीस मिनिटं बसवलं. बाईंचं नाव मिस ओकाफोर. आवाज असा मऊ की आपण नको ते बोलून जाऊ अशी भीती वाटते. मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, मी टाइप करते.

तुझी मम्मा


९ मे

प्रिय एमेट,

त्या पेपरानं माझं नाव छापलं. इंटरनेटवरही आहे म्हणे, तेव्हा तू वाचलंच असशील. मग आता नीटच सांगते. मागच्या पत्रात मी ते फार गुळगुळीत करून लिहिलं होतं.

दुपारची वेळ होती. व्यायामशाळेतून मुलंमुली बाहेर पडत होती. सहा फुटांच्या वर उंची, डोक्यावर स्वेटशर्टची टोपी ओढलेली, केस बारीक कापलेले, असं कुणीतरी माझ्या टेबलावरून सरळ डावीकडच्या दाराकडे निघालं. माझ्या मनात रॉइसचं ते ‘लक्ष ठेव’ तीन आठवडे घुमत होतं. मी उठलेच.

“ए, इकडे ये. ते बायकांचं आहे.”

“माहितीये, मॅडम.”

“ओळखपत्र दाखव.”

“बाथरूमला जायला?”

मागे फुटबॉलची तीन आडदांड पोरं उभी होती. त्यातला एक म्हणाला, “दाखव की गं, नाहीतर मॅडम स्वतः तपासतील!” आणि तिघं फिदीफिदी हसली. मी त्या हसण्याकडे दुर्लक्ष करून हात पुढे केला. हात पुढे केला, एमेट. विमानतळावर करतात तसा.

तिनं कार्ड माझ्या तळहातावर ठेवलं. जेरुशा पेटिफोर्ड. बायकांच्या बास्केटबॉल संघातली, तिसरं वर्ष.

आता मी जे लिहितेय ते मिस ओकाफोरला सांगितलेलं नाही. ते नाव मला पाठ होतं. त्या नावापुढे मी तीनदा ‘बी’ श्रेणी टाइप केली होती. तीन स्वतंत्र अभ्यास, भूगोलाचे, तिन्ही वर्षांत एकेक. आणि त्या नावाचा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

तिनं माझ्या टेबलावरची पाटी वाचली. “तुम्हीच मिसेस गॅडी का? तुमच्याच नावाच्या पेटीत मी पेपर टाकते.”

मी म्हटलं, “जा, जा आत.” मेहेरबानी केल्यासारखं.

ती आत गेली नाही. टोपी पुन्हा ओढली आणि सरळ इमारतीबाहेर गेली. बाथरूमचं दार माझ्यापासून दहा पावलांवर होतं.

संध्याकाळी भांडी घासताना आठवलं की शेवटच्या वर्षी तू कॉलेजात दिवसभर पाणी प्यायचा नाहीस. घरी आलास की दप्तर पायरीवरच टाकून बाथरूमकडे धावायचास. आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, एवढी कसली आग लागलीये? तू कधी सांगितलं नाहीस. मी तरी काय म्हटलं असतं, देव जाणे.

मम्मा


२१ जून

प्रिय एमेट,

दोन गोष्टी झाल्या. आधी बरी सांगते.

जेरुशा पेटिफोर्ड आली होती. सुट्टीतही सरावाला थांबली आहे. मी माफीचं सगळं भाषण तयार ठेवलं होतं, तिनं पहिल्याच वाक्याला तोडलं.

“माफी नको, मॅडम. माझा पेपर वाचलात का तेवढं सांगा.”

“कुठला?”

“कुठलाही. शेवटचा. किती मार्क?”

“बी.”

“बी का?”

आता तिला काय सांगणार? तुला मात्र माहीतच आहे, तूच पहिल्यांदा ओळखलं होतंस. वीस पानं असली तर ए, पंधराच्या वर असली तर बी. मी पानं मोजायचे, एमेट. पहिल्या वर्षी पेन्सिलीनं चुका तरी दुरुस्त करायचे, मग तेही सुटलं. मी म्हटलं, “सोळा पानं होती.”

“त्यात काय होतं?”

मी टेबलावरचे कागद सरळ करत बसले.

“गेला उन्हाळाभर आजीकडे बसून लिहिला होता,” ती म्हणाली. “लोक म्हणतात आम्ही फुकटचे मार्क घेतो. मी फुकट नाही घेतले. मी लिहिलं, वाचलं कुणी नाही. मला शाळेत शिकवायचंय मॅडम, पुढे. मला कळायला नको का, मला येतं का?”

ती गेल्यावर मी कपाटातून पेपर काढला आणि घरी आणला. तसं करायची परवानगी नाही. तिच्या आजीच्या गावात नदीला पाणी चढतं तेव्हा ते कुठल्या घरात आधी शिरतं, मग कुठल्या, आणि का, हे तिनं घराघराला विचारून लिहिलंय. हातानं काढलेला नकाशा आहे. गोऱ्या लोकांची घरं उंचावर कशी गेली आणि कधी, ते आहे. मी दोनदा वाचला. नवव्या पानावर एक जागा मला समजली नाही, तिथे बारीक अक्षरात ‘हे जरा उलगडून सांग’ असं लिहिलं. तेरा वर्षांत कुणाच्या पेपरवर मी लिहिलेला पहिला प्रश्न.

आणि आता अडचण अशी. मी जर खरं बोलले, की शिकवणारं कुणी नव्हतं, तर तिचे तिन्ही ‘बी’ रद्द होतील. पुढच्या हंगामात ती खेळणार नाही, वेळेवर पदवीही मिळणार नाही. ज्या पोरीनं एकटीनं खरं काम केलं तिचंच.

दुसरी गोष्ट. रॉइसनं एक कागद आणलाय. सही करायला. त्यात लिहिलंय की २०१३ साली तक्रार करणारी व्यक्ती तेव्हा मानसिकदृष्ट्या अस्थिर होती, असं तिच्या आईचं म्हणणं आहे. जुन्या फायलीत तसं काहीतरी टिपण आहे म्हणतात.

“एवढी एक सही कर, आयरिस, आणि सगळं थंड होईल,” तो म्हणाला. “त्या पोराचं सध्याचं, म्हणजे… ते सगळं बघता, कुणीही विश्वास ठेवेल.”

मी म्हटलं, विचार करते. कागद बायबलमध्ये ठेवलाय, तुझ्या जन्मदाखल्याशेजारी.

मम्मा


१५ सप्टेंबर

प्रिय एमेट,

गावावर मर्तिकाची कळा आहे. पुढच्या मार्चमध्ये बायकांच्या बास्केटबॉलची मोठी स्पर्धा आपल्याकडे होणार होती, त्यासाठी मोटेलवाल्यांनी पडदेसुद्धा बदलले होते. संघटनेनं या आठवड्यात जाहीर केलं की बाथरूमच्या कायद्यामुळे या राज्यात आता एकही स्पर्धा होणार नाही. रॉइस ऑफिसात तावातावानं फिरत होता. “बाथरूमवर यांना सहा महिन्यांत निकाल देता येतो!” आता यात त्याचं दुखणं काय ते मला कळेना. त्याच संघटनेचे लोक एप्रिलपासून आमच्या वर्गात मास्तर नव्हता हे शोधतायत आणि तो देवाला प्रार्थना करतोय की त्यांनी सावकाश शोधावं.

बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांनी आपापल्या घरून पदार्थ आणून जेवायचा दिवस होता. मी केळ्याचं पुडिंग केलं होतं. तुला आवडतं तसं, वरचा थर करपवून. वाढायला मीच उभी होते. डॉटी सग ताट घेऊन आली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली, “त्या चार विचित्र लोकांपायी अख्ख्या गावाच्या तोंडचा घास गेला. देवानं जे दिलं त्यात भागत नाही का यांचं?”

लोक हसले. पाद्रीबुवासुद्धा हसले, जरा खाली बघून.

मला म्हणायचं होतं, डॉटी, त्या चारांतला एक माझा आहे, त्याच्या बाप्तिस्म्याला तू चांदीचा चमचा दिला होतास.

मी म्हणाले, “अजून वाढू?”

लाज वाटली, एमेट. अजून वाटतेय. घरी येऊन उरलेलं पुडिंग फेकून दिलं.

जाहीर सुनावणी २८ तारखेला आहे. मला शपथेवर बोलावलंय. रॉइसचा कागद सही करून सुनावणीत त्याच्या हातात पाहिजे. मिस ओकाफोर म्हणाल्या की तक्रार तुझी असल्यामुळे जबाबाची नक्कल तुला रजिस्टर्ड डाकेनं जाईल. तुझा पत्ता त्यांनी माझ्याशिवायच शोधला.

म्हणजे मी काहीही बोलले तरी ते तुझ्यापर्यंत पोचणार.

मम्मा


२५ सप्टेंबर, रविवार

प्रिय एमेट,

चर्चला गेले नाही. पहिला कागद फाडला, दुसरा फाडला, हा तिसरा. हा तसाच पाकिटात घालणार आहे.

जुन्या फायलीतलं ते टिपण. ‘तसं काहीतरी आहे म्हणतात’ असं मी तुला लिहिलं होतं. मला ते नुसतं माहीत नाही, ते माझ्या तोंडून निघालेलं आहे.

फेब्रुवारी २०१३. डीन फॅरोंनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुझी तक्रार त्यांच्यापुढे होती, तीन पानं, तुझ्या नीटनेटक्या अक्षरात. एकच पेपर तीन खेळाडूंच्या नावांवर कसा आला, भूगोलाचे प्राध्यापक क्रँडल दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले असताना त्यांची सही मार्कांवर कशी. एमेट, त्या सहीचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये होता. अजून आहे. रॉइसच्या ऑफिसातून यादी यायची, कुणाकुणाला मार्क द्यायचे त्याची, आणि मी पानं मोजून शिक्का मारायचे. तू ते लिहिलंस तेव्हा तुला माहीत नव्हतं की हात कुणाचा आहे. निदान मला तसं वाटत होतं.

डीन म्हणाले, “आयरिस, तुमच्या मुलीचं हे असं आलंय. काय करू?”

माझी पाचावर धारण बसली. नोकरी गेली, अब्रू गेली, तुरुंगसुद्धा दिसला. आणि सुटकेचं दार समोरच होतं. आदल्याच आठवड्यात तू मला स्वयंपाकघरात बसवून ते सगळं सांगितलं होतंस, आणि म्हणाला होतास, मम्मा, अजून कुणाला सांगितलेलं नाही, फक्त तुला.

मी डीनला म्हणाले, “सर, तिचं सध्या डोकं ठिकाणावर नाही. स्वतःला मुलगा समजते. वेगळं नाव सांगते. वर्गात मास्तर नाही म्हणते, तेही त्यातलंच समजा.”

हेच शब्द. मला एकही विसरता आलेला नाही.

डीन म्हणाले, “अच्छा, असं आहे होय,” आणि फाइल मिटली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर येऊन मी टेबलापाशी बसले आणि सुटल्यासारखं वाटलं. तेही खरं आहे, म्हणून लिहिते.

तुला वाटलं, कुणी लक्ष दिलं नाही. तू म्हणायचास, या गावाला बास्केटबॉलपुढे काही दिसत नाही. मी मान हलवायचे. मग मार्चमध्ये नावावरून आपलं ते भांडण झालं आणि तू गेलास, आणि मी स्वतःला सांगत आले की पोर हट्टी आहे, नावासाठी आईला सोडलं.

मी धीट बाई नाही. बुधवारी त्या खोलीत रॉइसचा कागद पर्समधून बाहेर येईल, अशी मला स्वतःचीच भीती आहे. म्हणून हे पत्र उद्या सकाळी पोस्टात टाकतेय. एकदा ते तुझ्याकडे निघालं की मला उलटं बोलता येणार नाही.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायची माझी पायरी आहे का, मला माहीत नाही.

मम्मा


२९ सप्टेंबर

प्रिय एमेट,

झालं. बोलले.

खोली त्याच इमारतीतली, माझ्या टेबलावरून वीस पावलं. संघटनेचे पाच जण लांब टेबलामागे, मिस ओकाफोर कडेला, टिपून घेणारा एक तरुण, रॉइस आणि त्याचा वकील. भिंतीलगत खेळाडूंना बसवलं होतं. जेरुशा शेवटच्या खुर्चीत.

शिक्का मी पर्समधून काढून टेबलावर ठेवला, रॉइसचा कागद सहीविना आतच राहिला. यादी, पानं मोजणं, सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक निघत होता की दोनदा मोठ्यानं बोला म्हणाले. मग वकील उठला. जुनं टिपण वाचून दाखवलं आणि गोड हसून विचारलं, “मिसेस गॅडी, तुमच्या मुलीबद्दल हे तुम्हीच म्हणालात ना?”

“हो. आणि ते खोटं होतं. माझ्या मुलाचं डोकं तेव्हा अगदी ठिकाणावर होतं. घाबरलेली मी होते.”

टिपून घेणारा तरुण थांबला. “माफ करा मॅडम. मुलगा का मुलगी? नोंदीत मुलगी आहे.”

मी म्हटलं, “बाळा, या इमारतीतल्या नोंदी तेरा वर्षं मीच करतेय. त्यांच्यावर जाऊ नकोस. मुलगा लिही.”

कुणीतरी हसलं. जेरुशा नव्हती, मी बघितलं. मिस ओकाफोर म्हणाल्या, “साक्षीदार सांगतात तसं लिहा.”

मला वाटलं होतं की बोलून झालं की छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. शेवटी अध्यक्ष म्हणाले की त्या अभ्यासांना न खेळणारे विद्यार्थीही होते, तेव्हा ही खास खेळाडूंना दिलेली सवलत ठरत नाही, आणि त्यांचे नियम तेवढ्यापुरतेच आहेत का ते तपासावं लागेल. म्हणजे कॉलेज बहुतेक सुटेल. मला आजपासून सक्तीची रजा. टेबल रिकामं करून दिलं.

खेळाडूंचे मार्क मात्र कॉलेजनं त्याच संध्याकाळी रोखून धरले. जेरुशा गाड्यांपाशी माझी वाट बघत होती.

“बरं केलंत खरं बोललात,” ती म्हणाली. “पण बाहेर बसणार मी. तुम्ही घरी जाऊन देवाची प्रार्थना कराल, रॉइससाहेब दुसरीकडे नोकरी धरतील, आणि मी बाकावर.”

मी म्हटलं, “तुझा पेपर मी वाचलाय, नवव्या पानावर…”

“तुम्ही प्राध्यापक आहात का?”

“नाही.”

“मग?” तिनं गाडीच्या छतावर हात आपटला, जोरात नाही. मग किल्ली खिशात टाकली. “काय आहे नवव्या पानावर?”

मी सांगितलं. ती म्हणाली, तिथे तिनं जरा घाई केली होती, आजी आजारी पडली होती. मी तिचा पेपर आज भूगोलाच्या नव्या बाईंच्या दारात घालून आले, एका चिठ्ठीसकट, की ही मुलगी खरी आहे, वाचून बघा. त्या वाचतील की नाही, कुणास ठाऊक. माझ्या शब्दाला आता तिथे किंमत नाही.

माझं पत्र आज तुझ्या हातात पडलं असेल. घड्याळाकडे बघतेय आणि तिकडची वेळ मोजतेय.

मम्मा


६ ऑक्टोबर

प्रिय एमेट,

काल तुझं पत्र आलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा अक्षर ओळखून मी तिथेच पायरीवर बसले. तो बिचारा डॉक्टरला फोन करू का विचारत होता.

चार ओळी. इतक्या वेळा वाचल्या की आता न बघता लिहू शकते. ‘डीननं त्याच दुपारी मला बोलावून सांगितलं होतं, तू काय म्हणालीस ते, शब्दन् शब्द. म्हणाले, घरी जा, आराम कर, तुझी आई काळजीत आहे. मी नावावरून घर सोडलं नाही, मम्मा. तू कधी सांगतेस याची मी वाट पाहिली.’

म्हणजे त्या दिवशी संध्याकाळी मी तुझ्यापुढे चिकनचं ताट ठेवलं आणि विचारलं, डीन काय म्हणाले, तेव्हा तुला माहीत होतं. तू म्हणालास, काही नाही. आणि मीठ मागितलंस.

काल दिवसभर मला एकच गोष्ट आठवत राहिली. तू गेल्यावर पहिलं वर्षभर दर रविवारी तुझा फोन यायचा. मी हवा कशी आहे ते सांगायचे, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, संघ जिंकला का हरला. तू ऐकून घ्यायचास. आणि ठेवायच्या आधी दर वेळी जरा थांबून विचारायचास, “मम्मा, आणखी काही सांगायचंय?”

मी म्हणायचे, “नाही गं, सगळं ठीक आहे.”

वर्षभर, दर रविवारी. मग फोन यायचे थांबले, आणि मी चर्चमध्ये सांगत सुटले की आमची पोर रुसली आहे.

या रविवारी फोन मी करणार आहे. तुमच्याकडचे दुपारचे दोन वाजलेले असतील. उचलायचा की नाही ते तू ठरव. नाही उचललास तर पुढच्या रविवारी करीन, आणि त्याच्या पुढच्या. उचललास तर बोलायचं तू. मी हवेबद्दल एक शब्द काढणार नाही, मध्ये तोंड घालणार नाही, आणि तू थांबलास की विचारीन, एमेट, आणखी काही सांगायचंय?

तुझी मम्मा